स्थलांतरित कामगारांच्या कामाच्या अटी: नियम कुठून सुरू करायचे आणि तपासणी कशी करायची

कमी पगाराच्या कामावर बाहेरून आलेल्या कामगाराच्या अटी कारखान्याच्या फाटकाशी ठरत नाहीत. घरून निघताना त्याने कोणाकडून किती पैसे उचलले, यावर त्या बहुतेक ठरून गेलेल्या असतात. डोक्यावर कर्ज असलेला माणूस जादा तासांना नाही म्हणत नाही, मोडक्या परांचीवर चढायला का-कू करत नाही आणि निरीक्षकाने विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. तासांची मर्यादा, सुरक्षा आणि निवास यांचे नियम कागदावर कितीही चांगले असले तरी कर्ज आणि नोकरी सोडायची मुभा या दोन गोष्टींना हात लावला नाही, तर बाकीचे नियम पाळले जात नाहीत.

कामगार खात्यातले अधिकारी, संघटनांचे कार्यकर्ते आणि पुरवठादारांची तपासणी करणारे कंपन्यांचे लोक यांच्यासाठी हे लिहिलं आहे. क्रम कामगाराच्या प्रवासाचाच ठेवला आहे, भरतीपासून शेवटच्या हिशोबापर्यंत. खाली दिलेले बरेच आकडे आंतरराष्ट्रीय मापदंडांतले आहेत. जिथे काम चालू आहे तिथला कायदा त्याहून कडक असेल, तर अर्थात तोच धरायचा.

आधी कर्ज मोजा

महिन्याचा पगार १०० धरू. दलालाला दिलेले पैसे, वैद्यकीय तपासणी, व्हिसा, तिकीट सगळं मिळून कामगाराने ४०० उचलले, दरमहा ३ टक्के व्याजाने. खाणं-राहणं २५, घरी पाठवायचे ४०. उरले ३५, ते सगळे कर्जात. कर्ज फिटायला १४ ते १५ महिने लागतात. करार दोन वर्षांचा असेल, तर निम्म्याहून जास्त काळ तो सावकारासाठी राबतो.

आता पोचल्यावर पगार १०० नसून ८५ निघाला असं समजा. पगारातली घट १५ टक्के, पण कर्जासाठी उरतात फक्त २०, आणि फेडीची मुदत ३१ महिन्यांवर जाते. म्हणजे करार संपला तरी कर्ज बाकीच. पगार ७५ निघाला, तर हाती राहतात १०, आणि पहिल्या महिन्याचं व्याजच १२ आहे. ते कर्ज कधीच फिटत नाही. पगारातली लहानशी फसवणूक एवढी महाग का पडते, ते या गणितात दिसतं. तपासणीत प्रत्येक ठिकाणी हे गणित खऱ्या आकड्यांनी मांडा.

नियम काय असावा यावर फारसा वाद उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं सातवं कलम सांगतं की खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून थेट किंवा आडवळणाने शुल्क घेऊ नये. ‘शुल्क आणि संबंधित खर्च’ म्हणजे काय, याची व्याख्या याच संघटनेने २०१९ मध्ये दिली. वैद्यकीय तपासणी, विमा, कौशल्य चाचणी, प्रशिक्षण, गणवेश-साधनं, प्रवास आणि वाटेतला मुक्काम, कागदपत्रांचा खर्च हे सगळं त्यात येतं. नियमात नुसतं ‘शुल्क घेऊ नये’ एवढंच लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी तीच रक्कम ‘प्रशिक्षण खर्च’ होते. म्हणून यादी नियमातच घाला, आणि यादीबाहेरचा खर्चही मालकाचाच असं स्पष्ट लिहा.

विचारायची पद्धत महत्त्वाची. ‘तुम्ही भरतीसाठी पैसे दिले का?’ या प्रश्नाला जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असं उत्तर येतं. कारण निघताना कॅमेऱ्यासमोर ‘मी काही दिलं नाही’ असं वदवून घेतलेलं असतं, आणि गावातला दलाल अनेकदा नात्यातला किंवा ओळखीचा असतो. त्याऐवजी प्रवास विचारा. या कामाबद्दल पहिल्यांदा कोणी सांगितलं? मग कुणाला भेटलात? तेव्हा काय दिलं? तपासणी कुठे झाली, तिथे किती लागले? तिकीट कोणी काढलं? पैसे कुठून उभे केले: दागिने, जमीन, सावकार, मुकादमाची उचल? व्याज किती? अजून किती बाकी आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा. दिलेली रक्कम लोक विसरतात, बाकी विसरत नाहीत.

कागदावरूनही एक चाचणी करता येते. भरती संस्था मालकाकडून माणशी किती घेते, ते बिलावर पाहा. तिकीट, व्हिसा आणि वैद्यकीय तपासणीचा बाजारभाव जोडा. बिल त्याहून कमी असेल, तर फरक कोणी भरला हे विचारायचीही गरज नाही. काही ठिकाणी तर पैसे उलट दिशेने वाहतात: माणसांची ऑर्डर मिळावी म्हणून संस्थाच मालकाच्या व्यवस्थापकाला माणशी कमिशन देते. अशा ठिकाणी कंपनीचं ‘शून्य शुल्क धोरण’ भिंतीवर सुंदर चौकटीत लावलेलं असतं.

परतफेड करायची झाली की ‘पावत्या दाखवा’ हे पहिलं उत्तर येतं. पावत्या नसतात, किंवा असतात त्या निम्म्या रकमेच्या. म्हणून परतफेडीचा नियम पावतीला बांधू नका. एकाच भागातून एकाच वर्षी आलेल्या कामगारांच्या स्वतंत्र मुलाखती घ्या, त्यावरून त्या मार्गाची आणि त्या वर्षाची सरासरी काढा, त्यात व्याज मिळवा आणि त्या गटातल्या सर्वांना तीच रक्कम द्या. सोडून गेलेल्यांनाही. हे अव्यवहार्य नाही. मलेशियातल्या एका मोठ्या रबरी हातमोजे उत्पादकाचा माल अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने २०२० मध्ये सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवला, तेव्हा कंपनीने हजारो कामगारांना भरतीखर्च परत केला. मार्केट बंद होण्याची भीती असली की पावत्यांचा प्रश्न सुटतो.

परत केलेली रक्कम पुढच्या महिन्यांत ‘निवास शुल्क’ म्हणून वळती होत नाही ना, हे सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

कराराच्या तीन प्रती

प्रत्येक निवडलेल्या कामगारासाठी तीन कागद शेजारी ठेवा: निघण्याआधी सही केलेला करार, सरकारी कार्यालयात दाखल झालेला, आणि कामाच्या जागी फाइलमध्ये असलेला. तिन्हींत मालकाचं नाव, कामाचं ठिकाण, मूळ वेतन, तास, कपाती आणि परतीच्या प्रवासाचा खर्च जुळला पाहिजे. सर्वांत जास्त घोळ मूळ वेतनात होतो. एकूण आकडा तोच ठेवून मूळ वेतन घटवायचं आणि उरलेलं भत्त्यात टाकायचं. ओव्हरटाइम, रजेचा पगार आणि शेवटचा हिशोब मूळ वेतनावर निघत असेल, तर कामगार तिन्हीकडे मार खातो आणि पगाराच्या दिवशी त्याला काहीच जाणवत नाही.

करार कामगाराला वाचता येईल अशा भाषेत हवा, आणि वाचता न येणाऱ्यासाठी मोठ्याने वाचून दाखवलेला हवा. वाचणारा दलालाचा माणूस नको. कोऱ्या कागदावर सह्या किंवा अंगठे घेतले आहेत का, हे वेगळं विचारा. असे कागद पुढे राजीनामा, उचलीची कबुली किंवा ‘पूर्ण हिशोब मिळाला’ अशी पावती बनतात.

पासपोर्ट आणि ओळखपत्रं

मालक सांगेल, ‘हरवू नयेत म्हणून त्यांनीच आमच्याकडे ठेवली आहेत’, आणि सह्या केलेले संमतीपत्रांचे गठ्ठे पुढे करील. गठ्ठा वाचण्यात वेळ घालवू नका. संध्याकाळी वसतिगृहात कोणत्याही तिघांना सांगा की आत्ता, कारण न देता, आपला पासपोर्ट घेऊन या. पाच मिनिटांत आला तर ठीक. ‘सकाळी ऑफिस उघडल्यावर’ असं उत्तर आलं, तर कागदपत्रं अडकवलेली आहेत असंच समजा. उपाय स्वस्त आहे: माणशी एक कुलपाचा कप्पा, किल्ली त्याच्याकडे. कागदपत्रं रोखणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सक्तीच्या मजुरीच्या ११ निर्देशकांपैकी एक आहे. वेतन अडकवणं, कर्जाची बांधिलकी, हालचालीवर बंधन, फसवणूक, धमक्या आणि अति ओव्हरटाइम हेही त्याच यादीत आहेत. एक निर्देशक सापडला की बाकीचे शोधायला लागा, ते क्वचितच एकटे असतात.

ठेक्याची साखळी आणि ठेक्याचा दर

कामगार कोणाचा, या प्रश्नाला तीन जण तीन दिशांना बोट दाखवतात: कंपनी ठेकेदाराकडे, ठेकेदार पोट-ठेकेदाराकडे, आणि तो मुकादमाकडे. आधी साखळी कागदावर काढा. प्रत्येक पायरीवर कोण कोणाला माणशी किंवा टनामागे किती देतो, ते लिहा.

मग तळाच्या पायरीचा दर कायदेशीर खर्चाशी ताडून पाहा. समजा किमान वेतन १००, कायद्याने भरायच्या वर्गण्या आणि पगारी रजा मिळून २५, निवास-वाहतूक १०, ठेकेदाराचा खर्च आणि नफा ८. झाले १४३. आणि ठेका सुटला आहे ११८ ला. आता मस्टर न उघडताही सांगता येतं की कुठेतरी २५ गिळले जाणार आहेत. हे उल्लंघन ठेकेदाराने केलेलं असलं तरी त्याची तरतूद कंपनीच्या खरेदी विभागाने केली आहे. ठेक्याच्या दराला किमान मर्यादा घालणं आणि तो दर निरीक्षकाला पाहता येणं, या दोन तरतुदी आमच्या मते शंभर प्रशिक्षण शिबिरांहून जास्त काम करतात.

जबाबदारी वरच्या पायरीवर आणायचे तीन मार्ग वापरात आहेत.

पहिला, परवाना. इंग्लंडच्या मोरकाम खाडीत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे चिनी कामगार समुद्राच्या भरतीत सापडले आणि २० हून अधिक जण बुडाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मजूर पुरवठादारांच्या परवान्याचा कायदा झाला. शेती, शिंपले वेचणं आणि अन्नप्रक्रिया या क्षेत्रांत विनापरवाना मजूर पुरवणं गुन्हा ठरलं. विनापरवाना पुरवठादाराकडून मजूर घेणाऱ्यालाही त्यात पकडलं, हा त्यातला खरा दात. परवाने भाड्याने दिले जातात, आणि रद्द झालेली कंपनी बायकोच्या किंवा भावाच्या नावाने पुन्हा उगवते. म्हणून परवाना नावाला न बांधता खऱ्या चालकांना बांधा, आणि परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवा.

दुसरा, संयुक्त जबाबदारी. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ नियोक्त्याने द्यायचा. भारताच्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ही तरतूद होती, आणि युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने ती बांधकामाला लावली. यात मुदत महत्त्वाची आहे. ‘ठेकेदाराविरुद्धचे सर्व उपाय थकल्यावर’ अशी अट घातली की तरतूद मेली. पगाराची तारीख टळल्यावर ठरावीक दिवसांत कंपनीने द्यावा आणि मग ठेकेदाराशी भांडत बसावं.

तिसरा, साखळीच तोडणं. जर्मनीने कत्तलखाने आणि मांसप्रक्रियेच्या मुख्य कामात १ जानेवारी २०२१ पासून पोट-ठेके बंद केले आणि कामगार थेट नोकरीत घ्यायला लावले. त्याच्या आदल्या वर्षी या कारखान्यांत आणि कामगारांच्या दाटीच्या घरांत कोविडचे मोठे उद्रेक झाले होते. सगळ्या उद्योगांत हे जमणार नाही. पण जिथे काम बारमाही आहे आणि तेच कामगार वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यावर उभे आहेत, तिथे ठेक्याचं कारण जबाबदारी टाळणं हेच असतं.

पगार: बँकेत जमा झाला म्हणजे मिळाला असं नाही

संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये आणि कतारने २०१५ मध्ये पगार बँकेतूनच देण्याची आणि सरकारने त्यावर नजर ठेवण्याची पद्धत आणली. पगार थकला की लगेच कळतं, हा फायदा मोठा आहे. पण बँकेला रक्कम कळते, तास कळत नाहीत. एटीएम कार्डं मुकादमाच्या खिशात असतील, तर ते तिला दिसत नाही. जमा झालेल्या पगारातून रोख परत घेतली, तर तेही नाही. म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी एटीएमचं कार्ड दाखवायला सांगा, आणि वेगवेगळ्या खात्यांतून एकाच यंत्रावर मिनिटामिनिटाच्या अंतराने पैसे निघाले आहेत का, ते पासबुकांवरून पाहा.

तासांसाठी मस्टरवर विसंबू नका. मस्टर एका बैठकीत भरलेलं असतं, आणि ते ओळखू येतं: एकच शाई, एकच हात, सगळ्यांची वेळ बरोबर ९ आणि ६. खऱ्या नोंदी विस्कळीत असतात. तासांचा पत्ता इतर ठिकाणी लागतो: फाटकावरची नोंदवही, कामगार आणणाऱ्या गाडीच्या फेऱ्या, मेसमधली ताटं, यंत्राच्या चालू-बंदच्या नोंदी, माल भरल्याच्या पावत्या. सुट्टीच्या दिवशी मस्टर कोरं आणि त्याच दिवशी चार ट्रक भरून गेले, तर कोणाला काही विचारायला नको. कामगारांनी मोबाइलमध्ये किंवा वहीत ठेवलेली हजेरीही पुरावा म्हणून धरली जाईल, असं नियमात लिहून ठेवा.

नगावर मजुरी असेल तिथे एक ठरलेली चलाखी असते. किमान वेतन तासाला ५०, पेटीमागे दर ४. कामगाराने १० तासांत १०० पेट्या भरल्या, मिळाले ४००. म्हणजे तासाला ४०, बेकायदा. मग नोंदीत तास लिहायचे ८. आता तासाला बरोबर ५० पडतात. बऱ्याच जणांचा तासाचा दर किमान वेतनाशी तंतोतंत जुळला, तर तास मजुरीवरून उलटे काढलेले आहेत. माणसं यंत्रासारखी एका वेगाने काम करत नाहीत. शिवाय नगावरच्या कामात वजनकाट्यापुढची रांग, माल यायची वाट आणि शेतापर्यंतचा सक्तीचा प्रवास कोणी मोजत नाही. हा सगळा कामाचा वेळ धरावा.

कपातींसाठी आधार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण कराराचा (क्रमांक ९५). नोकरी मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी मालकाला किंवा मध्यस्थाला द्यायची रक्कम पगारातून कापता येत नाही. पगार कसा खर्च करायचा यावर मालकाला बंधन घालता येत नाही. कंपनीच्या दुकानातूनच माल घ्यायची सक्तीही करता येत नाही. उशीर, ‘उद्धटपणा’ आणि उत्पादनातल्या चुका यांबद्दलचे दंड सरळ बंद करा. निवास आणि जेवण यांच्या कपातीला रोजची कमाल मर्यादा ठेवा. ब्रिटनमध्ये निवासापोटी किमान वेतनात धरायच्या रकमेला अशी रोजची मर्यादा आहे. ती नसेल तर पगारवाढ झाली की त्याच महिन्यात खोलीभाडं वाढतं.

तासांचे जुने मापदंड अजून कामाचे आहेत: याच संघटनेच्या १९१९ च्या पहिल्या करारानुसार दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास आणि जादा वेळेला किमान सव्वापट दर, १९२१ च्या करारानुसार सात दिवसांत सलग २४ तास सुट्टी. अनेक देशांत दर याहून जास्त आहे. ओव्हरटाइम ऐच्छिक असल्याचं तपासायचं तर नकार दिलेल्यांची नावं मागा आणि पुढच्या महिन्यात त्यांना किती तास काम मिळालं ते पाहा.

निवास

इथे टेप घेऊन जा, मतं नकोत. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ आणि युरोपीय पुनर्रचना व विकास बँक यांनी २००९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतले मापदंड वापरण्याजोगे आहेत: माणशी ४ ते ५.५ चौरस मीटर जागा, एका खोलीत २ ते ८ माणसं, दोन खाटांत किमान १ मीटर अंतर, दुमजली खाट असेल तर दोन मजल्यांत किमान ०.७ मीटर मोकळी उंची, तिमजली खाट नाही. संडास १५ माणसांमागे किमान एक. पाणी माणशी रोज ८० ते १८० लिटर. अमेरिकेच्या तात्पुरत्या कामगार छावण्यांच्या नियमात न्हाणीघरात दर १० माणसांमागे एक शॉवर आणि प्रत्येक खोलीपासून २०० फुटांच्या आत संडास अशी अट आहे.

माणसं मोजताना खाटा मोजू नका. दोन पाळ्यांत एकच खाट वापरली जाते, म्हणून गाद्या, चपला, चार्जर आणि भिंतीवरचे खिळे मोजा. रात्री दहानंतर एकदा आणि सकाळी सहाला एकदा जा. दार आतून उघडतं का, बाहेरून कुलूप लागतं का, खिडकीच्या जाळ्या आगीत काढता येतात का, गॅसची शेगडी झोपायच्या खोलीत आहे का, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात आणि जीव याच गोष्टींवर जातात. स्त्रिया राहत असतील तर संडासाची वाट उजेडाची आहे का आणि कडी आतून लागते का, ते पाहा. त्याविषयी स्त्रियांशी स्त्री निरीक्षकानेच बोलावं.

घर मालकाचं असलं की नोकरी गेली तर छप्परही जातं. म्हणून नोकरी सुटल्यावर काही आठवडे राहू देण्याची तरतूद करा. ती नसेल तर तक्रार करणारा त्याच रात्री रस्त्यावर येतो.

उष्णता

नवा कामगार पहिल्या आठवड्यात सर्वांत धोक्यात असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेचा सल्ला असा: उन्हात पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ, आणि दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवलं आणि ओलावा, ऊन आणि वारा मिळून मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवायची सक्ती केली. ठरावीक वेळेपेक्षा मोजलेलं तापमान अधिक विश्वासाचं आहे. सकाळी नऊलाही माणसं कोसळतात.

नगावरच्या मजुरीत विश्रांतीचा नियम हमखास फसतो, कारण सावलीत बसलेली दहा मिनिटं कामगाराच्या खिशातून जातात. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून अशा कामात विश्रांतीच्या वेळेचे पैसे वेगळे द्यायला लावले. तसं केल्याशिवाय पाण्याचे पिंप ठेवून उपयोग नाही.

तपासणीचा दिवस

निरीक्षक नेहमीच कमी असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने औद्योगिक देशांसाठी १०,००० कामगारांमागे एक आणि कमी विकसित देशांसाठी ४०,००० मागे एक असा अंदाज धरला आहे, आणि अनेक ठिकाणी तोही गाठला जात नाही. म्हणून आळीपाळीने सगळीकडे जाण्यापेक्षा निवड करा: ठेक्याचा दर कायदेशीर खर्चाहून कमी, हंगामाची ऐन घाई, नव्या भरतीचं प्रमाण जास्त, आणि एकही तक्रार नाही. शेवटचं लक्षण चांगलं मानायची सवय सोडावी.

१९४७ च्या ८१ क्रमांकाच्या करारानुसार निरीक्षकाला पूर्वसूचनेशिवाय, दिवसा किंवा रात्री, प्रवेशाचा अधिकार आहे. तो वापरा. आधी कळलं तर दोन दिवसांत कामगारांची उत्तरं पाठ होतात आणि कागद नसलेल्यांना सुट्टी मिळते. दुभाषी मालकाचा, दलालाचा किंवा त्याच गावचा मुकादम नको. मुलाखती कामाच्या जागी घेऊ नका. बाजार, प्रार्थनास्थळ, पैसे पाठवायचं केंद्र अशा ठिकाणी कामगार सुट्टीच्या दिवशी मोकळेपणाने बोलतात. एकालाच बोलावलं तर तोच तक्रारदार ठरतो. म्हणून प्रत्येकाला सारखाच वेळ द्या, अगदी काही बोलायचं नसलेल्यालाही. तक्रारीचा उगम गुप्त ठेवण्याची सक्ती याच कराराच्या १५ व्या कलमात आहे. तिचा अर्थ एवढाच नाही की नाव सांगायचं नाही. भेट तक्रारीमुळे झाली, हेही मालकाला कळता कामा नये.

कामगार तपासणी आणि व्हिसा-परवान्यांची तपासणी यांत भिंत हवी. निरीक्षकाच्या मागून स्थलांतर विभागाची गाडी आली, की त्या परिसरात पुढची कित्येक वर्षं कोणी तोंड उघडत नाही. कागदपत्रं नसली तरी केलेल्या कामाचा पगार बुडत नाही, हे १४३ क्रमांकाच्या १९७५ च्या करारात आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशाने एक पाऊल पुढे टाकलं: अशा कामगाराने किमान तीन महिने काम केलं असं गृहीत धरायचं, तसं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं. पुराव्याचं ओझं ज्याच्याकडे नोंदवह्या आहेत त्याच्यावर टाकणं, हा या साऱ्या प्रकारातला सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक नियम आहे.

दंडाची रक्कम वाचलेल्या पैशांशी ताडून ठरवा. दोनशे कामगारांचे वर्षभर रोजचे दोन तास बुडवून जे वाचतं, त्याच्या दहाव्या हिश्शाचा दंड म्हणजे त्या धंद्यातला किरकोळ खर्च. आणि बुडवलेला पगार आधी कामगाराला मिळावा, दंड सरकारला नंतर. खरेदीदारांचं वजनही वापरता येतं. फ्लोरिडाच्या टोमॅटो मळ्यांत २०११ पासून चाललेल्या कार्यक्रमात मोठे खरेदीदार पौंडामागे थोडे जादा पैसे देतात, आणि नियम मोडणाऱ्या मळ्याकडून माल घेणं थांबवतात. तिथे कामगारांनीच नियम मांडले आणि चोवीस तास चालणारी तक्रारीची फोनलाइन आहे. कागदी प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या योजनांपेक्षा ते टिकाऊ ठरलं, यात आम्हाला नवल वाटत नाही.

नोकरी बदलणं आणि शेवटचा हिशोब

व्हिसा एकाच मालकाला बांधलेला असेल, तर वाईट मालकाविरुद्ध कामगाराकडे परत जाणं किंवा गप्प बसणं एवढेच पर्याय उरतात. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. पण अट काढली तरी ‘पळून गेला’ अशी खोटी तक्रार नोंदवण्याची सोय राहिली, तर मुभा कागदावरच राहते. म्हणून अशी तक्रार आली की आधी पगाराच्या नोंदी मागवा, आणि थकबाकी असेल तर ती तक्रार नोंदवूच नका. नवी नोकरी शोधायला ठरावीक मुदत द्या, त्या काळात काम करायची परवानगी असावी.

निघताना हिशोबात हे येतं: शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजा, ओव्हरटाइम, सेवाअखेरची रक्कम, परतीचं तिकीट, रोखून ठेवलेली अनामत. अनामत मुळात घ्यायचीच नव्हती, पण घेतलेली असते. हिशोब प्रवासाच्या आदल्या रात्री देण्याची पद्धत मोडून काढा. तेव्हा रक्कम चुकली तर भांडायला वेळ नसतो, आणि मालकाला ते नीट माहीत असतं. किमान आठवडाभर आधी लेखी हिशोब हातात हवा, आणि ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ अशी सही करण्याची अट नको.

दावा चालू असताना कामगाराला परतावं लागलं, तर जाण्याआधी चार गोष्टी करून घ्या: संघटनेच्या किंवा वकिलाच्या नावे अधिकारपत्र, शपथेवर नोंदवलेला जबाब, पासबुक आणि हजेरीच्या छायाचित्रांची प्रत, आणि घरच्या बँक खात्याचा तपशील घरातल्या दुसऱ्या एका माणसाच्या फोन नंबरासह. कामगाराचा इथला नंबर विमानतळावरच बंद होतो, आणि निकाल लागल्यावर पैसे घ्यायला माणूस सापडत नाही.